खिळा

हंगरगे बाई शैक्षणिक प्रशासन शिकवायच्या,
उदगीरला, दुपारी दोन ते तीन,
वीज गेलेली, आम्ही अर्धे पेंगलेले.
फळ्यावर त्रिकोण काढायच्या. वर संचालक,
मग उपसंचालक, मग शिक्षणाधिकारी,
खाली खाली येता खडू संपायचा
अन् त्या म्हणायच्या, "इथनं पुढं तुमी बघा."

आम्ही हसायचो. विषयच तसला,
आवक-जावक, हजेरीपट, रजेचे सतरा प्रकार.

त्यांचा प्रबंध कुणी वाचला नाही.
नाव लांबलचक, 'निर्णयप्रक्रियेतील सहभाग' वगैरे,
ते विद्यापीठानं दिलेलं.
मूळचा त्यांचा प्रश्न एकच होता,
किल्ली कुणाजवळ असते?
एकशे चौदा शाळा, देवणी, औराद, मुखेड,
यष्टीनं, ट्रॅक्टरवर, जांबच्या पुढं पायी,
पिशवीत धपाटे अन् पाण्याची बाटली.
मुख्याध्यापक अंदाजपत्रक मांडून बसायचे,
बाई विचारायच्या,
पोरींच्या संडासाची किल्ली कुठंय?

कुणाच्या खिशात. कुणाच्या घरी, तालुक्याला.
एका जागी कपाटात, अन् कपाटाची सरपंचाकडं.
एका गावात निजामाच्या काळातलं कुलूप,
त्यावर उर्दूत काहीतरी कोरलेलं,
किल्ली बघितलेला माणूस वारलेला.
त्याचीही नोंद आहे, रकाना सहा.

परीक्षक म्हणाले म्हणे, यात प्रशासन कुठंय?
बाईंनी पाण्याचा गिलास खाली ठेवला.
पदवी मिळाली. दोन वर्षं उशिरा.

निवृत्तीच्या साली
त्यांच्या सेवापुस्तकात एक सही सापडेना, त्र्याऐंशीची.
सेवापुस्तक शिकवणारी बाई
लातूरच्या कार्यालयात, बाकड्यावर, अकरा महिने.
टेबलामागं आमच्याच वर्गातला कलशेट्टी.
"बाई, तुमीच सांगितलं हुतं,
सहीबिगर कागद पुढं सरकवायचा न्हाई."
"बरोबर हाय की," त्या म्हणाल्या,
अन् दुसऱ्या दिवशी पुन्हा डबा घेऊन आल्या.

त्या गेल्या ते पेपरात आलं नाही.
कलशेट्टीचाच फोन आला.
बराच वेळ नुसता त्याचा श्वास.

मी आता मुख्याध्यापक, हाळीला.
त्या दिवशी शाळा सुटल्यावर थांबलो.
माझ्या खोलीतला किल्ल्यांचा खिळा
माझ्या कानाइतका उंच होता,
इतकी वर्षं कधी मोजलाच नव्हता.
उपटला. व्हरांड्यात गेलो.
दुसरीतली ठेंगणी रुखसाना आठवून
भिंतीवर पेन्सिलीनं खूण केली, खोडली,
अजून चार बोटं खाली घेतली.

पहिला खिळा वाकला.
दुसरा बसला.