अकरावर किती

पत्र्याचं मैदान कायतान डिसाने बाल्टिमोरहून आणलं,
जहाजावरच्या शेवटच्या फेरीत, ब्लँकेटात गुंडाळून.
एकशे दहा व्होल्टचं, म्हणून ते माझ्याकडे आलं;
वेंगुर्ल्यात जुन्या मोटरी भरणारा मी एकटाच उरलोय.
ट्रान्सफॉर्मर बसवला, बटण दाबलं,
पत्रा थरथरला
आणि बावीस प्लास्टिकची माणसं चालू लागली,
कुणी पुढे, कुणी आपल्याच भोवती,
एक सरळ माझ्या चहाच्या कपाकडे.

आता दर गुरुवारी, शटर अर्धं ओढून,
लाइट असेल तर, खेळतो.
हा फुटबॉल हातात धरून पळायचा असतो
हे कळायला आम्हाला एक महिना गेला.
चेंडू कापसाचा, कुळथाच्या दाण्याएवढा.
प्रत्येक माणसाच्या बुडाखाली चार केस,
ते मी चिमट्याने वाकवतो:
हा डावीकडे जाणारा, हा नेटाने ढकलणारा,
हा वेगवान, पण केस लवकर झिजणारा.

झिजणारा म्हटलं की प्रश्न आलाच.
मैदानात अकरा. डब्यात किती ठेवायचे?

सुलभा गिरपची बंदरावर होडी आहे.
"होडयेर सात लागतत, मी नऊ सांगून ठेवतंय.
एक पिऊन पडतलो, एकाच्या घरात लगीन निघतला.
सोळा घेवया."

दाजी आसोलकर चाळीस वर्षं दशावतारात.
त्याला अकराच जास्त वाटतात.
"आमी आठ जणांनी अख्खो देवलोक उभो केलो.
संकासूर मेलो काय तोच तोंड धुवन नारद."

कायतान बराच वेळ बोलला नाही.
मग म्हणाला, जहाजावर बदली माणूस नसतो.
एडनच्या पुढे आमचा ऑइलमन गेला,
त्याची रात्रपाळी मी मुंबईपर्यंत केली,
माझी धरून.
हे सोळाच्या बाजूने होतं की अकराच्या,
कुणी विचारलं नाही.

मी डबे ओतून मोजले.
एकोणसाठ माणसं.
साठावा हरवला, की आलाच नव्हता, माहीत नाही.
संघ चार. सोळा म्हटलं तर पाच कमी.
चौदा म्हटलं तर तीन उरतात
आणि त्या तिघांवरून भांडण.
दाजीला निळे हवेत, सुलभाला कुणीही, पण जास्त.
रात्रीचे दहा वाजले, आकडा ठरेना.
मी वैतागून बोललो, बारा. अकरा आणि एक. बस्स.

लवू कामतांच्या टपरीवरून कप न्यायला आला होता.
कप बोटांत अडकवून उभा, ओठ हलताहेत.
"मगे अकरा उरतत," तो म्हणाला.
"ते कोणाचे?"

बारा चोक अठ्ठेचाळीस.
आम्ही चार म्हातारे एकोणसाठातून अठ्ठेचाळीस
वजा करून पुन्हा केले.

साहजिकच, आधी आम्ही निवडले.
लवूला मिळाला हात तुटलेला,
दोन, ज्यांचा रंग खाऱ्या हवेने सोलला,
एक आडवा पडणारा,
आणि तो, ज्याला तीन महिने कुणी शिवलं नव्हतं,
जो बटण दाबलं की गोल गोल फिरतो,
फक्त गोल फिरतो.
मी चिमटा उचलला. म्हटलं, याला सरळ करून देतो.
"तेका हात लावू नको."

लवू पहिले तीन सामने हरला, वाईट हरला.
त्याच्या डब्यात कुणी नसतं, म्हणून तो डबा आणत नाही,
अकराही जण शर्टाच्या खिशातून काढतो,
वर बिडीचा नव्हे, वेलचीचा वास.

काल मात्र सुलभाचा सगळ्यात वेगवान गडी
चेंडू घेऊन मधून सुटला, पुढे कुणीच नाही,
फक्त तो एक, तीन इंचांच्या वर्तुळात.
दोघं एकमेकांत अडकले
आणि पत्रा गुणगुणत राहिला.

सुलभाने डबा उघडला,
आपल्या बाराव्याकडे बघितलं,
झाकण लावलं.
"गेल्या खेपेक तेका घेतलंय असता तर,"
ती म्हणाली, पण हसत,
आणि लवूने बटण बंद केलं नाही.