आढं

अंथरूण पाहून पाय पसरावेत, म्हणतात.
आमच्या पिकअपचं अंथरूण सहा फुटांचं,
तेही एका कोपऱ्यात गंजून जाळीदार,
आणि आढं बावीस फूट.
हेमलॉकचं, ओलं, चौकोनी तासलेलं,
आर्वोनं वाइनोच्या गिरणीत डोळे मिटून घेतलेलं,
कारण ट्रेलरचं भाडं, तो म्हणाला,
लाकडापेक्षा महाग.

वाइनोनं साखळीनं उचलून ठेवलं.
गाडीनं मागे बसकण मारली, नाक वर केलं.
पुढची चाकं जमिनीवर नुसती नावाला.
आर्वोनं जागच्या जागी स्टीअरिंग फिरवलं,
एका बोटानं फिरलं.
हे काही बरं लक्षण नव्हे, मलाही कळलं.

वाळूची पोती नव्हती.
वाइनोनं माझ्याकडे पाहिलं.
मग आर्वोनंही.
बायकोला तिचं वजन विचारू नये
एवढं दोघांना कळत होतं,
म्हणून कुणी विचारलं नाही,
बॉनेटवरचा बर्फ तेवढा पुसला.

शेपटाला लाल फडकं हवं, कायदा आहे.
फडकं नव्हतं. सीटमागे
त्याची मासेमारीची लोकरी विजार होती, लाल, आतून घालायची.
तिचा एक पाय कापून टोकाला बांधला.
झालं तर मग, मी म्हटलं, पसरलेच पाय.

अकरा मैल, ताशी आठच्या वेगानं.
मी बॉनेटच्या एका अंगाला, पाठ रस्त्याकडे,
टाचा वायपरच्या खाचेत रोवून.
बुडाखाली इंजिनाची ऊब, मानेवर
सुपीरियर सरोवराचा ऑक्टोबरातला वारा.
रस्ता मला दिसत नव्हता.
काचेमागे आर्वो दिसत होता.

तीस वर्षं आम्ही शेजारी शेजारी बसलो:
चर्चच्या बाकावर, होडीत, याच गाडीत,
दोघांचीही नजर पुढे.
समोरासमोर बसतो ते जेवायला,
पण तेव्हा तो बटाट्यांकडे बघतो.

भुवई वर गेली की चढ.
जीभ गालात गेली की खड्डा.
ओठ आत ओढले, म्हणजे पूल;
खालच्या पाण्याचा आवाज मला नंतर आला.
हनुवटीवर दाढी करताना निसटलेले पाच-सहा केस,
पांढरे. कधी झाले?
डाव्या डोळ्याखाली तीळ.
हा मला माहीत नव्हता,
किंवा माहीत होता आणि मी कुठेतरी ठेवून विसरले.

एकदा त्यानं रस्ता सोडून माझ्याकडे पाहिलं.
क्षणभरच. गाडी डुलली,
मागचं लाकूड रस्ताभर शेपूट हलवून
परत जागेवर आलं.
पुढे बघ, मी ओरडले, पुढे!
मी पुढेच होते.

फाट्याजवळ काउंटीचा पोलीस.
त्यानं काच खाली केली. मला पाहिलं.
विजारीचा पाय पाहिला, वाऱ्यावर लाथा झाडणारा.
"सौना?"
"सौना."
त्यानं छतावरचे दिवे लावले
आणि पायाच्या राखणीला मागून चालत राहिला
आमच्या वळणापर्यंत.
त्याच्यामागे नऊ गाड्या. हॉर्न कुणी वाजवला नाही.
लग्नालासुद्धा आमच्या मागे इतक्या गाड्या नव्हत्या.

चढवलं, तर फूटभर जास्त निघालं.
दोनदा मोजलं होतं, तरी.
कापू, आर्वो म्हणाला.
राहू दे, मी म्हटलं.
पश्चिमेच्या भिंतीबाहेर ते अजून तसंच आलेलं आहे,
टोकाला तो पाय, आता विटकरी,
वारा असला की एक पाऊल टाकतो,
मागे घेतो.

शनिवारी आम्ही आत बसतो, शेजारी शेजारी,
तापल्या दगडांकडे तोंड करून.
आर्वो पळीनं पाणी ओततो
आणि मग वाफच वाफ,
स्वतःचे गुडघे दिसत नाहीत.

तीळ डाव्या डोळ्याखाली आहे.
एवढं मी धरून बसते.