माया

जांभळी नाक्यामागे रझाक मास्तरांनी
मोरपंखी ब्लाउज उलटा केला,
शिवणीत बोट घालून म्हणाले,
"बाई, आता माया नाही उरली."

तेवीस वर्षांत तीनदा उसवला त्यांनी:
प्रणोतीच्या वेळी, थायरॉइडनंतर,
आणि एकदा नुसताच, कारण न विचारता.

आरशासमोर वृंदा पलाझो लावून बघत होती.
"आपल्या वयाला?" मी म्हटलं.
"वय घरी ठेवून आलेय, गॅसजवळ."

मास्तरांनी वही काढली.
कंबरेचा आकडा ते नेहमी हळू बोलतात.
म्हटलं, मोठ्याने सांगा, आणि लिहा:
कुर्ता. सैल. दोन्हीकडे खिसे,
हात मनगटापर्यंत बुडतील इतके खोल,
तलावपाळीची अख्खी फेरी
पर्सशिवाय मारायचीय मला.

"माया?"
ठेवा बोटभर.
कापड माझंच आहे.