जवळचा नंबर

मे महिन्यात दुपारी दोन ते पाच
बर्डीवर चष्मा घ्यायला कोणी येत नाही.
कूलर वाळ्याचा वास आणि खडखड दोन्ही फेकत राहतो
अन् मी काउंटरमागे, अधिक दोनच्या भिंगातून
सोळा वर्षांच्या पोरांच्या कादंबऱ्या वाचते.
वय त्रेपन्न. लाज वाटत नाही.

वाटते थोडी. वरून बिलबुक ठेवते.

महालातल्या लायब्ररीत उमरेडकर विचारतात,
"नातीसाठी का?"
मी हो म्हणते.
नात नाही मला. लग्नही नाही, पण ते वेगळं पुस्तक.

माझं मत विचाराल तर
(कोणी विचारत नाही, म्हणून तर इतकं साचलंय)
ते गच्चीवरचे शेवट आधी बंद करा.
गच्चीवर जाऊन कोणाला काही कळत नसतं.
आमच्या नंदनवनात गच्चीवर गेलं
तर मुगवड्या वाळत असतात
आणि शेजारच्या हेडाऊबाई खालून ओरडतात,
"काय पाहून राहिली वं?"

आई पहिल्या पानाच्या आधीच का मरते?
मारायचीच असेल तर ऐंशीव्या पानावर मारा,
तिच्या डबा भरण्याची सवय तरी होऊ द्या आम्हाला.
बाप सगळे एका साच्यातले,
दारात उभे, हातात मार्कलिस्ट.
आणि संदेश!
शेवटच्या प्रकरणात तो असा येतो,
पंगती उठल्यावर मांडवात शिरलेला मामा,
आहेराचं पाकीट शोधत स्वतःच्याच खिशात.

मी सोळाची होते तेव्हा मधलं कपाटच नव्हतं.
इकडे ससे आणि राजपुत्र,
तिकडे जाड पुस्तकं, ज्यांत बाया
तीनशे पानं खिडकीशी उभ्या.
शनिवारी मी सशांतून निघाले,
सोमवारी खिडकीशी पोचले.
मधला रविवार कोणी लिहिलाच नव्हता.
म्हणून आता वाचते. उशीर झालाय, मान्य.

एक मात्र होती. नाव विसरले, बांधणी निळी.
त्यातली पोट्टी खोटं बोलते, पचवते,
अन् लेखिका तिला शिक्षाच करत नाही.
पान एकशे बाराला समासात
हिरव्या शाईत कोणीतरी लिहिलेलं:
असं नसते बे.
मी खाली पेन्सिलीनं: मग कसं असते?
पुस्तक परत केलं. दिवाळीनंतर पुन्हा आणलं.
हिरवं उत्तर होतं:
इतकं लिहिता येत नाही.

तेव्हापासून दुकानात आलेल्या प्रत्येक पोराची
डोळ्यांआधी बोटं पाहते.

काल भर तीन वाजता एक आली. मृणाली नंदनवार, दहावी.
तक्त्याची शेवटची ओळ धडाधड म्हणाली.
इतकी धडाधड, की मी तक्ता बदलला.
गप्प.
मग म्हणे, "बाहेर बसून पाठ केली होती, काकू.
गोलकीपर आहे मी. चष्मा लागला तर सर बसवतील."
उणे सव्वादोन.
"मग बॉल कसा दिसते तुले?"
"नाही दिसत. मारणारीचा पाय दिसते थोडा.
त्यावरून समजते."

काचेबाहेर तिचा बाप
स्कूटरच्या सीटवर बाटलीतलं पाणी शिंपडत होता.
हातानं चाचपायचा, पुन्हा शिंपडायचा.

मी नंबर लिहिला. तिची बोटं पाहिली.
शाई निळी. तळव्यांना मातीचे घट्टे.
"वाचते का काही?"
"छे," ती म्हणाली,
अन् बिलबुकाखालून डोकावणारा कोपरा
डोळे बारीक करून पाहू लागली.
"कोणाचं हे?"

उमरेडकरांचं उत्तर ओठावर आलं होतं.

"माझं," म्हटलं. "घेऊन जा.
फक्त शेवट गच्चीवर आहे.
तेवढा सोडून दे."