दोन जीबी

पहाटे सव्वापाचला मी आधी त्याला उठवते,
मग दुसरा दिवा लावते.
पंखा खाकरतो, थांबतो, पुन्हा खाकरतो.
तोवर बाहेर किटल्यांची रांग लागलेली असते,
काही किटल्या नुसत्याच, मालक चहाला.

आमणापूरचं हे दूध संकलन केंद्र
आणि हा आमचा दोन जीबीचा कॉम्प्युटर.
भिंतीवर पुराची रेघ आहे, त्याच्या अंगावर नाही,
कारण एकोणीस साली पाणी पायरीला लागलं तेव्हा
मी घरातला टीव्ही सोडला
आणि याला पेंडीच्या पोत्यात गुंडाळून
शाळेच्या गच्चीवर नेलं.
आत पंधरवड्याची बिलं होती, एकशे बारा घरांची.
नवरा अजून टीव्हीचं काढतो.

मागच्या दिवाळीनंतर संघानं नवीन वेबसाइट दिली.
उघडली.
म्हणजे, उघडायला लागली.
आधी एक हसणारी गाय आली, अर्धी.
मग गोल फिरणारं चाक.
मग कुणीतरी विचारलं, मी काय मदत करू?
मग उरलेली गाय.
मला फक्त चार आकडे भरायचे होते:
लिटर, फॅट, एसएनएफ, दर.
एका ओळीचा निरोप सांगायला
अख्खी वरात दारात, घोड्यासकट.
रांगेतून कोंडाबाई ओरडल्या,
"तवर सांजची धारबी काढून आणू काय?"

दुधात कुणी किती पाणी घातलं
ते लॅक्टोमीटर बुडवून मी रोज सांगते.
तोंडावर सांगते, भांडणं अंगावर घेते.
या पानात किती पाणी आहे
ते मोजायची नळी मात्र
संघानं अजून पाठवलेली नाही.

साहेब म्हणाले, मॅडम, भंगारात द्या हे, नवीन घ्या.
पैशाचं काही बोलले नाहीत.
शिदूतात्या किटली खाली ठेवत म्हणाले,
"देतंय न्हवं अजून?
मग असू दे की दावणीला."

पलूसहून बाबासो मगदूम आले, एम-एटीवरून.
झाकण काढलं, ब्लोअर मारला:
सरकीचा भुगा, एक वाळकं झुरळ, माझी हरवलेली टिकली.
जुनी डिस्क काढली, विटेसारखी जड.
नवी घातली, काडेपेटीएवढी, अठराशे रुपयांत.
विंडोज पुसलं, हलकं काहीतरी चढवलं,
ज्याच्या पडद्यावर डोंगर नाही, फूल नाही,
कोपऱ्यात घड्याळ, बस.
म्हणाले, "गडी म्हातारा न्हाई झाला, ताई.
पाठीवरची पोती वाढलीत."
मग त्यांच्या पोरीनं एक पान लिहून दिलं.
चार चौकोन, एक बटण.
गाय नाही.
आकडे आता रात्री आपोआप वर जातात,
रेंज असेल तेव्हा.

सगळं जमलं असं नाही.
अनुदानाचा अर्ज यावर उघडत नाही म्हणजे नाही.
त्यासाठी दिराच्या मोबाइलपुढे बसावं लागतं,
दिराचा मूड बघून.

आणि आतला सेल गेलाय, सदऱ्याच्या गुंडीएवढा.
बाबासो आणतो म्हणतात, विसरतात.
लाइट गेली की हाही सगळं विसरतो
आणि एक जानेवारी दोन हजार नऊला जागा होतो.
मी आधी तारीख घालते, मग फॅट.

गेल्या मंगळवारी घालायची राहिली.
प्रिंटर करकरला. शिदूतात्यांनी पावती
डोळ्यांजवळ नेली, मग लांब धरली.
"नऊ साल?" म्हणाले.
"तवा धार काढायला आमची ही व्हती."

मी पावती परत मागितली, चुकली म्हणून.
त्यांनी तिची घडी घातली, टोपीत ठेवली.
"बिलाला दुसरी काढ," म्हणाले,
"बरोबर तारखेची."