शेरा

जशीबेनच्या भिंतीवर पुराची रेघ अजून आहे,
चहाच्या कपात राहते तशी.
मी टेप लावते. एकतीस इंच.
फॉर्मला छत्तीस हवेत.

मागे विश्वामित्री गप्प वाहते,
जणू तिनं काही केलंच नाही.
पुरात दोन रात्री या ओट्यावर मगर होती.
फॉर्ममध्ये मगरीला रकाना नाही.

मी दांडिया बाजारातली. घरी मराठी,
इथं गुजराती, कागदावर इंग्रजी.
दोन भाषांत ‘लाभार्थी’,
तिसरीत ‘केस नंबर एकशे बारा’.
समोरची बाई
यातल्या कशालाच ओ देत नाही.

ती विचारते, तुझा पगार झाला का?
गेल्या खेपेला बोलून गेले होते मी,
की कंत्राट मार्चपासून अडकलंय.
तेव्हापासून आधी माझी चौकशी,
मग फॉर्मची.

दाराच्या चौकटीवरही तीच रेघ आहे.
टेप पुन्हा लावते,
या वेळी घरातल्या फरशीपासून नाही,
बाहेरच्या गटाराच्या कडेपासून.
सदतीस.
जशीबेन बघते, बोलत नाही.
खंडेराव मार्केटबाहेर वांगी तोलताना
काट्याला तिचा अंगठा लागतो, मला ठाऊक आहे.
आज माझा लागला.

आठवड्यानं वॉर्ड ऑफिसातून घेलाणीसाहेब आले,
स्टीलची टेप, पायात मोजे.
फरशीपासून मोजलं. एकतीस.
हे सदतीस कुणी मोजले?
मी तोंड उघडलं होतं, खरंच उघडलं होतं.

‘मी,’ जशीबेन म्हणाली.
‘लाइट नव्हती. बेनला दिसेना.
मी आकडा वाचला, तिनं लिहिला.’
जिला अक्षर येत नाही,
आकडे येतात ते फक्त काट्यावरचे,
ती साहेबांकडे बघत होती
आणि साहेब हसत होते.

मग फॉर्म माझ्याकडे आला.
शेवटचा रकाना : शेरा.
साहेबांनी सांगितलं काय लिहायचं,
पेनही त्यांचंच.

लाभार्थीनं चुकीची माहिती दिली.

लिहिलं मी. इंग्रजीत.
अक्षर चांगलं आलं.

घरी येऊन डिकी उघडली
तर आत पिशवी, पिशवीत वांगी,
देठावर काटे असलेली,
कधी ठेवली कळलं नाही,
तोललेली नव्हती.