पासंग

सांगलीच्या हळद बाजारात चोवीस वर्षं तोलार आहे मी.
माझं बनियन पिवळं घेतलं नव्हतं,
ते पिवळं झालंय.
सौद्याच्या वेळी माझ्याकडे कुणी बघत नाही,
सगळे काट्याकडे बघतात.

गावात गट दोनच.
पोर सहाव्या दिवशीच
कुठल्यातरी जीपमध्ये बसलेलं असतं.
दूध डेअऱ्या दोन, तालमी दोन,
पिठाच्या गिरण्यासुद्धा दोन.
स्मशान एकच,
पण तिथंही उभं राहायला दोन बाजू.

यंदा पारीसा चौगुले उभा राहिला.
पाणीपुरवठ्याचा व्हॉल्व्हमन, मागच्या मे महिन्यात रिटायर.
कुणाच्या फोनवर कुठला व्हॉल्व्ह
रात्री किती वाजता उघडला,
एकतीस वर्षांचं सगळं त्याच्या वह्यांत.
चिन्ह शिट्टी. गाडी सायकल.
माझ्या दारात येऊन म्हणाला,
"मत देऊ नगंस बाबा, नुस्ती वही वाच."

मेव्हणा म्हणाला, "दाजी, वाया घालवू नका.
शिट्टीला दिलं म्हंजे तात्यालाच दिलं."
हिशोब बरोबर होता.
हिशोबात मी कच्चा नाही.

मी शिट्टीला दिलं.

तात्यांचा गट आला, एक्केचाळीस मतांनी.
पारीसाला त्रेसष्ट.
मग गाव त्रेसष्ट माणसं शोधत फिरलं
आणि एकही सापडलं नाही.
चहाच्या गाड्यावर मलाही विचारलं.
मी बशीत फुंकर घातली, म्हणालो, छे.
पंधरवड्यात मेव्हण्याची रोजंदारी गेली.
बायकोला ठाऊक नाही काही.
आमटीत मीठ मात्र रोज जरा जास्तच पडतं.

रात्री डोळ्यांपुढे जुना काटा येतो,
दोन पारड्यांचा,
आता अडत्याच्या माळ्यावर गंजत पडलेला.
रिकामा असतानाच डावीकडे झुकायचा.
उजव्या पारड्याखाली तारेनं बांधलेला खडा होता,
चिंचोक्याएवढा. पासंग.
त्यानं हळद तोलली जात नाही,
पोतं राहू दे, हळकुंडसुद्धा नाही.
त्यानं काटा तोलला जातो,
माल यायच्या आधी.

असं मी स्वतःला सांगतो
आणि कूस बदलतो.
कारण मेव्हणा काही काटा नाही,
त्याला दोन पोरं आहेत.
आणि तारेला बांधलेला प्रत्येक खडा
पासंग असतोच असं नाही.
काही नुसतेच खडे असतात.

गेल्या मंगळवारी आमच्या आळीचा व्हॉल्व्ह
सकाळी सात वाजता उघडला.
उजेडात, कुणी फोन न करता.
त्रेसष्टांची धास्ती म्हणावी
की वायसर झिजला म्हणावं,
कळायला मार्ग नाही.
पारीसा कट्ट्यावर बसून वहीत वेळ लिहीत होता.
माझ्याकडे बघून हसला नाही,
ओळखही दिली नाही. बरं केलं.

मी घागर नळाखाली लावली.